भाडं खोल्यांचं नसतं

मध्य रेल्वेवर ठाणं मागे पडलं की घरभाडं उतरणीला लागतं. कळवा, मुंब्रा करत करत ते दिव्याला बरंच खाली बसतं, कोपरला जरा सावरतं आणि डोंबिवलीला पुन्हा मान वर काढतं. "इथे संस्कृती आहे ना ताई, म्हणून रेट जास्त," असं एका एजंटाने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. ठाकुर्लीला ते किंचित नमतं आणि कल्याणला पूर्व की पश्चिम यावर काय ते ठरतं. रुळांनी मोजलं तर हे सगळं अंतर वीसेक किलोमीटरचं. आम्ही नवराबायको गेली कित्येक वर्षं या वीस किलोमीटरांत वनबीएचके बदलत फिरतो आहोत. कधी नवऱ्याच्या ऑफिसने पत्ता बदलला म्हणून, कधी माझ्या, आणि बहुतेक वेळा मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून. एवढ्या भटकंतीनंतर माझं एक मत पक्कं झालंय. भाडं खोल्यांचं नसतंच. भाडं असतं ते स्टेशनपासूनच्या अंतराचं, पाणी येण्याच्या वेळेचं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्वभावाचं. खोल्या त्यांच्याबरोबर मिळतात.

अंतराचंच बघा. जाहिरातीतलं प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं. ही पाच मिनिटं कोणाची, हे विचारायचं नसतं. बहुधा ती रात्री साडेबाराला, रिकाम्या रस्त्यावरून, एकट्या प्रवाशाला घेऊन सुटलेल्या रिक्षाची असावीत. सकाळी आठला त्याच रस्त्याला, शेअर रिक्षाच्या रांगेसकट, अर्धा तास धरून चालावं. मध्ये एखादा पूल असेल तर एजंट त्याचा उल्लेख करत नाही. कल्याणचा पत्रीपूल १९१४ सालचा. तो धोकादायक झाला म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. त्याच सुमाराला डोंबिवलीचा कोपर पूलही सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षं बंद होता. त्या काळात पुलापलीकडे राहणाऱ्यांनी भाडं पाच मिनिटांचं भरलं आणि प्रवास तासाचा केला. पूल पाडला म्हणून कुणाचं भाडं उतरल्याचं मी ऐकलेलं नाही. पूल झाला म्हणून वाढल्याचं मात्र ऐकलंय.

घोडबंदर रोडला तर स्टेशनचं नावच काढत नाहीत. आम्ही कासारवडवलीला घर बघत होतो तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते. त्या खांबांकडे बोट दाखवून एजंट म्हणाला, "मेट्रो आली की दादरला कधी पोचाल कळणार नाही." ते खरंच होतं. आत्ताही कधी पोचू ते कळत नव्हतं. भाडं मात्र त्याने मेट्रो आल्यानंतरचं सांगितलं.

नवऱ्याने एकदा कागद-पेन घेऊन रीतसर हिशोब मांडला. त्याचं ऑफिस कुर्ल्याला उतरून बीकेसीत. ठाण्यात, म्हणजे नौपाडा-चरईत, भाडं जास्त पण प्रवास कमी. कल्याणला भाडं कमी, प्रवास जास्त, पण बऱ्याच गाड्या तिथूनच सुटत असल्याने बसायला मिळण्याची शक्यता. डोंबिवलीला भाडं मध्यम, प्रवास मध्यम आणि फास्ट गाडीत बसायला मिळण्याची शक्यता आधी उलट दिशेला कल्याणपर्यंत जाऊन येण्याची तयारी असेल तर. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्यावर आम्ही डोंबिवलीत घर बघायचं ठरवलं. कारण माझी मावशी टिळकनगरात राहते.

घर बघणं हा एक लाजिरवाणा प्रकार आहे. रिकामं घर सहसा दाखवत नाहीत. आधीचं बिऱ्हाड हलायच्या आतच पुढचं गाठायचं असतं. मानपाडा रोडच्या आत एका इमारतीत आम्ही तिसरा मजला चढून गेलो तेव्हा घरातले यजमान बनियनवर बसून जेवत होते. लिफ्ट नव्हती. एजंट मात्र धापा न टाकता बोलत होता. "या, या, आपलंच घर आहे," असं त्याने त्या लोकांच्या घरात आम्हाला सांगितलं. यजमानांनी ताट उचललं आणि भिंतीकडे सरकून आम्हाला वाट करून दिली. असे किती लोक त्यांच्या जेवणावरून गेले असतील कोण जाणे.

"हा हॉल, हे किचन आणि ही मास्टर बेडरूम," एजंट दिवे लावत-विझवत म्हणाला. घरात बेडरूम एकच. तिला हाताखाली कोणी नसताना मास्टर कशासाठी म्हणायचं, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. मी बाल्कनीबद्दल विचारलं.

"बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय. हॉल केवढा झालाय बघा."

"मग कपडे कुठे वाळत घालायचे?"

"हॉलमध्ये. बाल्कनीच आहे ना ती."

स्वयंपाकघरात बाई भाकरी थापत होत्या. ओटा कडप्प्याचा, एका कोपऱ्याला तुटलेला, आणि ओट्याखाली एकापुढे एक लावलेली निळी पिंपं. खरं तर ती पिंपं बघूनच मला कळायला हवं होतं. पण एजंट तेवढ्यात म्हणाला, "पाण्याचं टेन्शनच नाही. चोवीस तास." बाईंनी मान वळवली नाही. फक्त पिठाने भरलेला उजवा हात थोडा वर उचलला आणि दोन बोटं दाखवली. एजंट त्यांच्या पाठीमागे होता, त्याला दिसलं नाही. मला दिसलं, पण अर्थ लागेना. दोन तास? दिवसातून दोनदा? दोन दिवसांनी? निघताना मी चप्पल घालायच्या निमित्ताने मागे रेंगाळले. त्या दारापर्यंत आल्या आणि कडी लावता लावता म्हणाल्या, "दोन वाजता. रात्री." मग जरा थांबून, "अर्धा तास."

ते घर आम्ही घेतलं नाही. त्या बाईंचे आभार मात्र मी अजून मानते. भाडेकरूने भाडेकरूला सांगितलेलं तेवढं खरं, बाकी सगळी जाहिरात.

तर पाणी. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी मोहिली, बारावे, नेतिवलीच्या शुद्धीकरण केंद्रांतून येतं, आणि एमआयडीसीच्या वाहिन्यांवर असलेल्या भागाला बारवी धरणाच्या भरवशावरचं. कागदावर ही व्यवस्था फार सुरेख दिसते. भानगड शेवटच्या शंभर फुटांची आहे. तिथे जमिनीखालची टाकी, मोटार, गच्चीवरची टाकी आणि मोटारीची किल्ली कमरेला लावलेला वॉचमन यांचं राज्य सुरू होतं. भाड्याने राहणाऱ्याला धरणातला साठा वगैरे माहीत नसला तरी चालेल, वॉचमनचा गाव माहीत पाहिजे. घोडबंदरच्या बाजूला मोठमोठ्या संकुलांत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणी या बाबतीत आम्हाला हसायच्या. त्यांच्या इमारतीचं नाव इटलीतल्या कुठल्याशा सरोवराचं होतं. उन्हाळ्यात त्या सरोवराला टँकरने पाणी यायचं.

मापांविषयी थोडक्यात. एका घराचे मालक साडेसहाशे फूट म्हणाले आणि आम्ही पट्टी लावली तर चारशेसुद्धा भरत नव्हते. बाकीचं कुठे गेलं विचारलं तेव्हा कळलं की जिना, गेट, मीटरची खोली आणि वॉचमनची खुर्ची जिथे असते ती जागा यांतही आपला वाटा असतो. घर विकणाऱ्या बिल्डरला २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्र सांगायला लावलं. भाड्याने देणाऱ्याच्या तोंडात अजून जुनेच फूट आहेत.

आता सेक्रेटरी. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवलं की पुरतं. पण हे वाचून कोणी सेक्रेटरीपुढे जाऊ नये. नौपाड्यातल्या एका जुन्या, सुरेख, चार मजली इमारतीत आमची मुलाखत झाली. सेक्रेटरी काका, खजिनदार आणि "सहज बसलेले" म्हणून आणखी एक गृहस्थ. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला एवढे लोक नव्हते. मूळचे कुठले, आडनावाचे ते अमुक तुमचे कोण, दोघांच्याही नोकऱ्या म्हणजे दिवसभर घराला कुलूपच की, पाहुणे येतात का, आले तर राहतात का, राहिले तर किती. नवरा सगळ्याला "नाही" म्हणत गेला. आम्हाला नातेवाईकच नाहीत असा त्यांचा समज होऊन चेहरे जरा उजळले.

मग काकांनी चष्मा काढून विचारलं, "मासे करता?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"रविवारी."

"कुठून आणता?"

हे काय चाललंय ते मला कळेना. मी सांगितलं. काका म्हणाले तिथे बर्फातले असतात, पहाटे जायला हवं, आणि पापलेट घ्यायचं तर कल्ला उघडून बघायचा, नुसतं वरून बघून फसायचं नाही. खजिनदार खोकले. काकांनी चष्मा पुन्हा लावला आणि सोसायटीचा सूर लावून म्हणाले, "वास जिन्यात येता कामा नये." घर आम्हाला मिळालं. पुढे रविवारी दुपारी काका कसली ना कसली पावती घेऊन येत. मी वाटी झाकून देत असे. त्यांच्या घरात चालत नव्हतं.

पण सगळ्यांचं नशीब एवढं पापलेटासारखं सपाट नसतं. माझा भाचा परभणीहून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला आला. एकटा, बावीस वर्षांचा, पगार माझ्यापेक्षा जास्त. त्याला ठाण्यात कोणी दारात उभं करेना. बॅचलर नको. एका मालकीणबाई फार प्रेमाने म्हणाल्या, "लग्न ठरलं की ये हो बाळा." तिकडे माझ्या बहिणीने त्याचं नाव वधू-वर सूचक मंडळात घातलं होतं, आणि मुलीकडचे पहिलाच प्रश्न विचारत होते, मुंबईत घर आहे का? लग्नाशिवाय घर नाही, घराशिवाय लग्न नाही. तो सध्या कळव्याला चार मित्रांबरोबर राहतो. पाचांनी मिळून "आम्ही मावसभाऊ आहोत" असं सांगितलंय. एक तमिळ आहे.

सोसायटीचा आणखी एक उद्योग म्हणजे बिनभोगवटा शुल्क. सभासद स्वतः राहत नाही म्हणून त्याच्याकडून जास्तीचे पैसे. पूर्वी याला धरबंध नव्हता. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही असं ठरवून दिलं. हे द्यायचं मालकाने, पण मालक ते भाड्यात हळूच मिसळतो, म्हणून मला त्यात रस. डोंबिवलीच्या एका सोसायटीत हे शुल्क फारच गलेलठ्ठ दिसलं तेव्हा मी तो आदेश छापून नेला. तिथले सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "असेल. पण आमच्याकडे अजून आलेला नाही." बरीच वर्षं झाली होती. टपाल कुठे अडकलं होतं देव जाणे.

घर पसंत, माणसं पसंत, टोकन दिलं, की येते ॲग्रीमेंटची रात्र. ती नेहमी रात्रच असते, कारण मालक, भाडेकरू आणि घरी येऊन नोंदणी करणारा लॅपटॉपवाला मुलगा एकाच वेळी मोकळे होण्याची ती एकच वेळ. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मालकांना खरी भीती कैदेची नसते. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. भाडेकरूचं बोलणं खरं धरलं जाईल या नुसत्या कल्पनेने मालक लोक धावत नोंदणी करून घेतात.

अकरा महिन्यांची प्रथा मात्र त्याहून जुनी. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून लोकांनी एक महिना कापून टाकला. आता अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो, तरी कापलेला महिना कोणी परत जोडलेला नाही. याचा परिणाम असा की दर वेळी घर सोडायची तारीख एक महिना अलीकडे सरकते. पहिल्यांदा मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, गाजावाजा करून घर बदललेला माणूस पुढे एप्रिल, मार्च करत थंडीत येतो, मग दिवाळीत, मग गणपतीत, आणि एका वर्षी भर जुलैत, शिळफाट्याच्या रहदारीत, छोट्या हत्तीवर ताडपत्री बांधून गादीशेजारी बसलेला सापडतो. आमचा जुलै येऊन गेला. ती गादी पुढे कधीच पूर्वीसारखी झाली नाही.

तर ती रात्र. आमचे तेव्हाचे मालक बँकेतून निवृत्त झालेले. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे मालकीणबाईंचाही अंगठा हवा. लॅपटॉपवाल्या मुलाने टीपॉयवरची चिवड्याची बशी सरकवून यंत्र मांडलं. मालकांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. काकूंचा काही केल्या लागेना. "काकू, हात पुसा." पुसले. "काकू, जरा घासा." घासले. "थोडं तेल लावून बघू." त्या आत जाऊन खोबरेल लावून आल्या. यंत्रावर तेल लागलं, बोट लागलं नाही. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं धुणी-भांडी, पोळ्या केल्यात रे बाबा. रेषा राहणार कुठून?" मालक जरा ऐटीत म्हणाले, "माझा बघ कसा एका झटक्यात लागला." काकूंनी त्यांच्याकडे न बघता यंत्रावर पदर फिरवला आणि म्हणाल्या, "लागणारच. त्या अंगठ्याने कधी काही केलंय का?" शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. आम्हाला ओळखत असल्याबद्दल ज्या दोन साक्षीदारांनी फोटो काढून घेतले, त्यातला एक एजंट होता आणि दुसरा लॅपटॉपवाल्याची मोटरसायकल चालवत आलेला मुलगा. दोघांपैकी एकाने जाताना माझं नाव विचारलं.

खर्चाचं सांगून ठेवते, कारण इथे लोक फसतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून. महिन्याला अठरा हजार भाडं आणि पाऊण लाख डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचं शुल्क पाचशे बारा रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात हजार. म्हणजे सरकार दोन हजारांच्या आत समाधानी. बाकी जे काही आकडे ऐकू येतील ते एजंटाचे, लॅपटॉपचे आणि मोटरसायकलचे. शिवाय एजंटाची एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, मालकाकडूनही आणि तुमच्याकडूनही. करार पुढे वाढवला तर आणखी काहीतरी. त्या वेळी त्याने नेमकं काय केलं असं विचारलं की त्याला वाईट वाटतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी. तीही आता ऑनलाइन होते, त्यात भीतीदायक काही नाही. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावं असं केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडे कायदा सुचवतो. मालकांना हा कायदा दाखवला तर तेही म्हणतात, आदर्शच आहे.

या सगळ्या करारात मालक कोण, भाडेकरू कोण, पंखे किती, हे सगळं असतं. इमारत अधिकृत आहे का, हे नसतं. ही चेष्टेची बाब नाही. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ज्यांनी कर्ज काढून तिथे घरं घेतली त्यांचं दुःख मोठंच. पण तिथल्या भाडेकरूचं डिपॉझिट कोणाकडे अडकलं, हे बातमीतसुद्धा येत नाही. म्हणून आता मी घर बघायला गेले की इंडेक्स टू, मालमत्ता कराची शेवटची पावती आणि विजेचं बिल मागते. कर्ज असेल तर हप्ते वेळेवर जातात का, हेही विचारते. नाहीतर भाडं आपण वेळेवर भरायचं आणि बँकेची नोटीस आपल्या दारावर. एजंट म्हणतात, "ताई फार कटकट करतात." करते.

राहायला गेल्यावर उरतो तो खिळा. "भिंतीस खिळे मारू नयेत" हे कलम मालकांना भाड्यापेक्षा प्रिय असतं. त्यामुळे आमचं कालनिर्णय फ्रिजला चुंबकाने, लग्नातला फोटो कपाटावर टेकून, आणि घड्याळ टीव्हीशेजारी आडवं. गणपतीत मखराच्या मागे झालर लावायला नवऱ्याने स्टूल आणि चिकटपट्टी घेऊन दोन तास तपश्चर्या केली. आरतीच्या वेळी "सुखकर्ता" म्हणेपर्यंत झालर खाली. मिरजेहून सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हॉल बघितला, स्वयंपाकघर बघितलं, आतली खोली बघितली, परत हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "छान आहे. बाकीचं घर कुठाय?" त्यांच्या मिरजेच्या घराला परसदार आहे, आड आहे. त्यांना रात्री हॉलमध्ये गादी घातली. पहाटे पाचला उठायची सवय, दिवा लावला तर आम्ही जागे होऊ म्हणून ते अंधारात बसून राहिले. सकाळी मी दार उघडलं तेव्हा टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन, स्टेशनवर बसल्यासारखे बसले होते. "पाच मिनिटांवर आहे ना स्टेशन?" त्यांनी विचारलं. "चालत जाऊन येतो." दहाला आले.

आणि शेवटी डिपॉझिट परत. मालक त्या दिवशी विजेरी घेऊन येतात, दिवसासुद्धा. भिंतीवर तिरका झोत टाकून, आपण न मारलेल्या खिळ्यांची भोकं शोधतात. "हे पूर्वीचं आहे," म्हटलं की, "पूर्वीचे लोकही असंच म्हणाले होते," असं उत्तर येतं. रंगाचे इतके, सफाईचे इतके, गीझरच्या नळीचे इतके. काडी काडी करत पाऊण लाखातून ते कापत जातात. यावर एकच उपाय मला चाललेला आहे. राहायला गेल्याच दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक भिंतीचा, नळाचा, फरशीच्या भेगेचा मोबाईलवर फोटो काढून मालकांनाच पाठवायचा, "नवीन घर, तुमच्या आशीर्वादाने" असं वर लिहून. ते उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र पाठवतात. तो पुरावा जपून ठेवायचा.

आमच्या सध्याच्या मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. मागच्या मालकांच्याही मुलाचं ठरलं होतं. तिथे आता आमच्यापेक्षा तीन हजार जास्त देणारं एक जोडपं राहतं आणि मुलगा अजून तसाच आहे. तर ठाणे ते कल्याण कुठेही, कोणाच्या पाहण्यात वनबीएचके असेल तर कळवावं. दोघंच आहोत, दोघंही नोकरी करतो, भाडं पाच तारखेच्या आत देतो. मासे रविवारी करतो. मालकांना शक्यतो मुलगीच असावी, आणि तिचं लग्न झालेलं असावं.